विसरणारा देव, न विसरणारे यंत्र

अमेरिकेतील शाळांमध्ये खोडकर विद्यार्थ्याला दटावण्याची एक जुनी रीत आहे. 'हे तुझ्या कायमच्या नोंदीत जाईल' असे त्याला बजावले जाते. पुढे मूल मोठे होते, शाळा मागे पडते, नोंदवहीला वाळवी लागते आणि तो धाक हसण्यावारी जातो. एडवर्ड स्नोडेन यांच्या आत्मकथनाचे नाव 'पर्मनंट रेकॉर्ड', म्हणजेच 'कायमची नोंद', असे आहे. तो धाक आता हसण्यावारी नेण्याजोगा राहिलेला नाही, हेच त्यांना सांगायचे आहे.

हे पुस्तक १७ सप्टेंबर २०१९ रोजी प्रसिद्ध झाले. १७८७ साली याच तारखेला अमेरिकेच्या राज्यघटनेवर स्वाक्षऱ्या झाल्या होत्या. ज्या दिवशी पुस्तक बाजारात आले त्याच दिवशी अमेरिकी सरकारने लेखकावर दिवाणी दावा लावला. पुस्तकावर बंदी घालावी अशी मागणी त्यात नव्हती. हस्तलिखित आधी सरकारी तपासणीस सादर केले नाही, म्हणून त्याचे उत्पन्न सरकारकडे यावे अशी होती, आणि न्यायालयाने ती मान्य केली. त्या काळी पुस्तकाविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातील बहुतेक लेखन 'स्नोडेन देशभक्त की देशद्रोही' या वादात अडकले होते. आता तो धुरळा काहीसा खाली बसला आहे. म्हणून हे पुस्तक एक वाङ्मयकृती म्हणून आणि त्याहूनही अधिक एक नैतिक साक्ष म्हणून तपासून पाहणे शक्य झाले आहे.

ज्यांना तो प्रसंग नीटसा स्मरत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात पूर्वपीठिका देतो. स्नोडेन यांचा जन्म १९८३ सालचा. वडील तटरक्षक दलात, आई न्यायालयात कारकून. म्हणजे घरात सरकारी नोकरीचेच संस्कार. ते स्वतः आधी सीआयए या गुप्तहेर संस्थेत आणि नंतर कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएसएच्या कामावर होते. जिनिव्हा, जपान आणि शेवटी हवाई बेटे असा त्यांचा प्रवास झाला. हवाईत अननसाच्या मळ्याखाली असलेल्या भुयारी कचेरीत बसून त्यांनी कागदपत्रे गोळा केली, नखाएवढ्या मेमरी कार्डांवर ती उतरवून घेतली आणि मे २०१३ मध्ये हाँगकाँग गाठले. तेथील एका हॉटेलच्या खोलीत त्यांनी ती पत्रकारांच्या स्वाधीन केली. त्या वेळी त्यांचे वय एकोणतीस होते.

५ जून २०१३ रोजी 'द गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाने पहिली बातमी छापली. व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीने आपल्या ग्राहकांच्या दूरध्वनी संभाषणांच्या नोंदी रोजच्या रोज एनएसएकडे सोपवाव्यात, असा एका गुप्त न्यायालयाचा आदेश होता. कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला याची ती नोंद. दुसऱ्या दिवशी 'प्रिझम' हा कार्यक्रम उघडकीस आला. मायक्रोसॉफ्ट, याहू, गूगल, फेसबुक, ॲपल यांसह नऊ कंपन्यांकडील पत्रव्यवहार त्यातून हेरखात्याला मिळत होता. पाठोपाठ समुद्रतळाच्या तारांतून वाहणारी माहिती ब्रिटनची यंत्रणा कशी उपसून घेते, आणि 'एक्सकीस्कोर' नावाच्या साधनाने कर्मचारी खुर्चीत बसल्या बसल्या कोणाच्याही इंटरनेटवरील हालचाली कशा शोधू शकतो, हेही बाहेर आले. तत्पूर्वी तीनच महिने, १२ मार्च २०१३ रोजी, कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा केली जाते काय, या प्रश्नाला राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांनी सिनेटच्या समितीपुढे नकारार्थी उत्तर दिले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'संभाषण तर कोणी ऐकत नव्हते, फक्त नोंदी ठेवत होते. मग एवढा गहजब कशासाठी?' असे पुष्कळांना वाटते. या आक्षेपाला स्नोडेन यांनी दिलेले उत्तर पुस्तकातील उत्कृष्ट विवेचनांपैकी एक आहे. ते आपल्या परीने मांडायचे तर पाकिटाचे उदाहरण घेता येईल. पोस्टमन पत्र फोडत नाही, पण पाकीट पाहतो. एखाद्या घरी महिनाभर कर्करोग रुग्णालयाची पाकिटे आली, मग वकिलाची आली, मग विमा कंपनीची आली, तर त्या घरात काय चालले आहे हे कळायला पत्र फोडण्याची गरज राहत नाही. पोस्टमन एक गाव पाहतो आणि संध्याकाळी बरेचसे विसरून जातो. यंत्र सारे जग पाहते आणि विसरत नाही. बोलताना माणूस शब्द जपून वापरू शकतो. पण आपण कोणाकडे वळतो, किती वाजता वळतो आणि किती वेळा वळतो, हे त्याला लपवता येत नाही.

आपल्या वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. 'गार्डियन'नेच जून २०१३ मध्ये उघड केलेल्या एका तक्त्यानुसार एकट्या मार्च महिन्यात एनएसएने भारतातून ६.३ अब्ज नोंदी गोळा केल्या होत्या. अधिक माहिती घेतलेल्या देशांत आपला क्रमांक पाचवा होता. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने आईला पाठविलेला निरोप, टोरोंटोतील मुलीने वडिलांच्या आजाराविषयी लिहिलेली ईमेल, हे सारे अशाच तारांतून आणि अशाच कंपन्यांच्या संगणकांतून प्रवास करीत असते.

आता पुस्तकाकडे वळू. त्याचे तीन भाग आहेत: बालपण आणि तारुण्य, गुप्तचर विभागातील नोकरी, आणि गौप्यस्फोट. घरातील सगळी घड्याळे मागे करून झोपण्याची वेळ लांबविणारा सहा वर्षांचा मुलगा आपल्याला प्रथम भेटतो. पुढे किशोरवयात एका अणुसंशोधन केंद्राच्या संकेतस्थळातील त्रुटी त्याला सापडते. तो तिचा गैरफायदा घेत नाही, उलट फोन करून अधिकाऱ्यांना सावध करतो. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाल्यावर तो युद्धाचा समर्थक बनतो, सैन्यात भरती होतो आणि प्रशिक्षणात पायांची हाडे दुखावल्याने परततो. पुढे ज्याने सरकारला आव्हान दिले तो आरंभी सरकारवर मनापासून विश्वास ठेवणारा तरुण होता, हे या प्रकरणांतून पटते. आणि ते पटल्याशिवाय पुढच्या कथेला अर्थ उरत नाही.

निवेदनाची भाषा स्वच्छ आहे. तांत्रिक गोष्टी सामान्य वाचकाला कळाव्यात यासाठी घेतलेले कष्ट पानोपानी जाणवतात. कादंबरीकार जोशुआ कोहेन यांचे साहाय्य अखेरीस कृतज्ञतापूर्वक नमूद केले आहे, आणि त्या सिद्धहस्त लेखणीचा स्पर्श प्रसंगरचनेत दिसतो. मात्र त्याच रचनेचा एक दोषही आहे. बालपणीची प्रत्येक घटना पुढील कृत्याची नांदी म्हणून येते. घड्याळे मागे केली ती बंडाची पहिली खूण, संकेतस्थळाची त्रुटी दाखविली ती प्रामाणिकपणाची. मानवी आयुष्य इतके सुसूत्र नसते. संत ऑगस्टिनच्या 'कबुलीजबाबा'पासून आत्मकथनाची जी परंपरा चालत आली आहे, तिच्यात लेखक स्वतःकडे न्यायाधीशाच्या नव्हे तर आरोपीच्या पिंजऱ्यातून पाहतो. स्नोडेन बहुतेक वेळा वकिलाच्या जागी उभे राहतात. सहकारी येतात ते नावाविना आणि बरेचदा व्यक्तिमत्त्वाविनाही. त्यांच्या सुरक्षेसाठी हे आवश्यक होते हे मान्य. पण त्यामुळे कचेरीतील चारचौघांच्या मनात हीच टोचणी होती की नाही, हे वाचकाला कळत नाही.

या एकसुरीपणाला छेद देणारे एक प्रकरण शेवटच्या भागात आहे. लिंडसे मिल्स या त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीच्या, पुढे पत्नीच्या, रोजनिशीतील नोंदी तेथे दिल्या आहेत. स्नोडेन काहीही न सांगता निघून गेले. मागे राहिलेल्या तरुणीच्या दारात तपास अधिकारी आणि वार्ताहर आले. तिच्या मागे मोटारी फिरू लागल्या. सदसद्विवेकाची किंमत केवळ तो निर्णय घेणाराच चुकवीत नाही, त्याच्या घरची माणसेही चुकवितात, हे सत्य या नोंदींतून कसलाही आव न आणता व्यक्त होते. वाङ्मयीन दृष्ट्या मला हे पुस्तकाचे सर्वांत प्रामाणिक प्रकरण वाटते.

परंतु पुस्तकाचे हृदय दुसऱ्याच एका प्रसंगात आहे. पाळतीच्या साधनावर काम करीत असताना लेखकासमोर इंडोनेशियातील एका अभियंत्याची माहिती येते. त्याने इराणमधील एका विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज केला होता, एवढ्यावरून तो संशयाच्या जाळ्यात सापडला. त्याच्या नोंदींत एक चित्रफीत होती. तो संगणकापुढे बसला आहे, मांडीवर लहानगा मुलगा आहे. बाप वाचण्यात गढलेला, मुलगा चुळबूळ करणारा. एका क्षणी मूल कॅमेऱ्याकडे टक लावून पाहते आणि हजारो मैलांवरच्या तंत्रज्ञाला वाटते की ते आपल्याकडेच पाहत आहे. त्याला आपल्या वडिलांची आठवण येते. तोवर जे 'माहिती' होते ते एकाएकी माणूस बनते.

हा प्रसंग वाचताना २००६ सालच्या 'द लाइव्हज ऑफ अदर्स' या जर्मन चित्रपटाची आठवण होते. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस दलाचा एक अधिकारी नाटककाराच्या घरातील बोलणे चोरून ऐकतो आणि ऐकता ऐकता त्याचे मन पालटते, अशी ती कथा आहे. श्टाझीमध्ये असा अधिकारी प्रत्यक्षात कोणी होऊन गेल्याचे ठाऊक नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला होता. तो बरोबर असला तरी चित्रपटाने एक महत्त्वाची गोष्ट सुचविली होती: जोवर ऐकणारा माणूस आहे तोवर त्याचे मन द्रवण्याची शक्यता आहे. १९८९ साली श्टाझीकडे सुमारे ९१ हजार पगारी कर्मचारी होते, खबरे वेगळेच. एवढी माणसे लागत होती म्हणूनच त्या यंत्रणेला मर्यादाही होत्या. आज ऐकण्याचे काम यंत्र करते. त्याला झोप नाही, पगार नाही आणि मांडीवरच्या मुलाच्या नजरेने हलणारे अंतःकरणही नाही. हवाईच्या त्या भुयारात योगायोगाने एक माणूस बसला होता, म्हणून जगाला हे कळले.

येथेच पुस्तकाच्या युक्तिवादातील सर्वांत मोठी त्रुटी दिसू लागते. स्नोडेन यांच्या विवेचनाचा मुख्य भार अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीवर आहे. सबळ कारण आणि अधिपत्र असल्याशिवाय नागरिकाची झडती घेता येणार नाही, असे ती सांगते. हा आधार भक्कम आहे; पण तो अमेरिकेच्या नागरिकांसाठी. इंडोनेशियातील तो बाप आणि त्याचे मूल या दुरुस्तीच्या छत्राखाली येत नाहीत. आपण भारतीयही येत नाही. सरकारने आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवली म्हणून जे पाप ठरते, ते परक्या मुलाच्या बाबतीत पाप का ठरू नये? लेखक खासगीपणाला मानवी हक्क म्हणतात, युरोपातील नव्या माहिती संरक्षण कायद्याचे स्वागतही करतात. परंतु ज्या प्रसंगाने त्यांचे स्वतःचे मन हलले त्याचा तात्त्विक पाया ते कोठेच नीट रचीत नाहीत. त्यांचे अंतःकरण त्यांच्या युक्तिवादाच्या पुढे गेले आहे.

तो पाया ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत सापडतो, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात मानवाच्या मूलभूत हक्कांची यादी देताना अन्न, वस्त्र, निवारा यांच्याच पंक्तीत खासगी जीवनाच्या संरक्षणाला स्थान दिले. त्याच दस्तऐवजाने सदसद्विवेकबुद्धीला माणसाचा सर्वांत गुप्त गाभारा म्हटले, जेथे तो देवाबरोबर एकटा असतो. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील २२० वा नियम कोणाच्याही खासगीपणाच्या हक्काचा भंग करण्यास मनाई करतो. या ठिकाणी नागरिकत्वाचा प्रश्नच उद्भवत नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, एवढे एकच कारण पुरेसे आहे.

यावर एखादा भाविक वाचक विचारील, 'देव तर सर्व काही पाहतो. आपण लपवावे असे काही केलेच नाही, तर सरकारने पाहिल्याने काय बिघडते?' हा प्रश्न भाबडा नाही. त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

देव पाहतो हे खरे, पण तो कसा पाहतो? १३९ व्या स्तोत्रात देवाच्या सर्वसाक्षी नजरेचे वर्णन आहे; परंतु त्या स्तोत्राचा शेवट असा की भक्त स्वतःच देवाला आपले अंतःकरण तपासून पाहण्याची विनंती करतो. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम लपून बसतो. देवाला तो कोठे आहे हे ठाऊक नव्हते काय? तरीही देव त्याला हाक मारतो, 'कोठे आहेस' असे विचारतो, म्हणजे त्याला स्वतःहून पुढे येण्याची संधी देतो. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस आदाम आणि त्याच्या पत्नीला वस्त्रे करून घालतो. सारे पाहणारा देव माणसाची नग्नता झाकतो. प्रभू येशूनेही प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले आहे. लावलेले दार हे लबाडीचे लक्षण असते तर प्रभूने तसे सांगितले नसते. प्रार्थना, पती-पत्नीचे प्रेम, आजारपणातील भीती, मुलाच्या चुकीवर आईने घातलेले पांघरूण, या गोष्टी लाजिरवाण्या आहेत म्हणून आपण त्या खासगी ठेवीत नाही, तर मोलाच्या आहेत म्हणून ठेवतो.

नोंद ठेवण्याला ख्रिस्तसभेचा विरोध आहे असे कोणी समजू नये. प्रत्येक धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्म्याच्या, दृढीकरणाच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या असतात. वसईतील कित्येक कुटुंबांना आपल्या पूर्वजांची नावे याच वह्यांतून सापडली आहेत. परंतु एका संस्काराची नोंदवही कोणत्याही धर्मग्रामात नाही, कधी नव्हती आणि असणारही नाही. पापनिवेदनाला कोण आले आणि काय बोलले याची नोंद होत नाही. धर्मगुरूने ते शब्दाने वा खुणेनेही उघड करावयाचे नाही. मृत्यूची भीती घातली तरी नाही. राणीचे पापनिवेदन सांगण्यास नकार दिला म्हणून संत जॉन नेपोमुक यांना १३९३ साली प्राग येथे नदीत बुडविण्यात आले, असे परंपरा सांगते. या कडक नियमामागे केवळ गुप्ततेची प्रतिष्ठा नाही, क्षमेचे स्वरूप आहे. देव आमची पापे स्मरत नाही असे यशया सांगतो. तो ती समुद्राच्या तळाशी टाकतो असे मीखा सांगतो. आणि आपल्या विरुद्ध असलेला ऋणलेख ख्रिस्ताने क्रुसावर खिळून रद्द केला असे संत पौल कलस्सैकरांस लिहितो. सर्वज्ञ देव विसरतो. कारण माणसाने बदलावे अशी त्याची इच्छा आहे, आणि ज्याचा भूतकाळ पुसला जाऊ शकतो तोच बदलू शकतो.

नवल असे की धर्माची भाषा फारशी न वापरणारे स्नोडेन याच सत्याच्या अगदी जवळ येऊन पोहोचतात. गुप्तचर खात्यात भरती होण्यापूर्वी त्यांना आपले किशोरवयातील इंटरनेटवरचे लेखन आठवले. पोरकट, उद्धट, आता स्वतःलाच न पटणारे असे ते लेखन पुसून टाकावे असे त्यांच्या मनात आले. पण त्यांनी ते तसेच राहू दिले. चुका करून शिकण्याची मुभा नसलेले, सर्वांनी निर्दोष असल्याचे सोंग करावे असे जग त्यांना नको होते. आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनी आवर्जून वाचावीत अशी ही पाने आहेत. त्यांच्या पिढीची प्रत्येक चूक कोठेतरी साठविली जात आहे, आणि साठविणाऱ्याजवळ क्षमेचा अधिकारही नाही, इच्छाही नाही.

पुस्तक एका शक्यतेकडे मात्र पुरेसे लक्ष देत नाही. कायमची नोंद खरीच असेल असे ते गृहीत धरते. ती खोटी असली तर? येथे आपल्या समाजाला फादर स्टॅन स्वामी यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य वेचलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंना ऑक्टोबर २०२० मध्ये रांची येथे अटक झाली. तळोजा कारागृहात त्यांनी दिवस काढले आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाविना, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून फाइली पेरण्यात आल्या होत्या, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी न्यायवैद्यक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या अहवालात काढला. तो शिरकाव कोणी केला हे अहवाल सांगत नाही, आणि त्याची सत्यासत्यता ठरविणे न्यायालयाचे काम आहे. तथापि एवढे निश्चित, की संगणकातील नोंद म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. जी पुसता येत नाही अशी आपल्याला भीती वाटते, ती दुसऱ्याला हवी तशी लिहिता येते. कायमची नोंद आणि खोटी साक्ष एकत्र आली तर आठव्या आज्ञेचे रक्षण कोण करणार?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेला हल्ला आपण विसरलेलो नाही. १६६ माणसे त्यात गेली. अशा हल्लेखोरांवर राज्याने नजर ठेवू नये, असे कोणता ख्रिस्ती माणूस म्हणेल? नागरिकांच्या जिवाचे रक्षण हे राज्यसत्तेचे कर्तव्यच आहे. परंतु स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे डिसेंबर २०१४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जे प्रसिद्ध केले ते विचार करायला लावणारे आहे. लष्कर-ए-तैयबाचा तंत्रप्रमुख जरार शाह याच्या इंटरनेटवरील हालचालींवर ब्रिटनच्या यंत्रणेची नजर हल्ल्यापूर्वीच होती; भारतीय यंत्रणाही त्याच्या मागावर होती; अमेरिकेलाही अन्य मार्गांनी इशारे मिळाले होते. तुकडे तिघांकडे होते, ते कोणी जुळविले नाहीत. म्हणजे तेथे उणीव माहितीची नव्हती, ती समजून घेण्याची होती. अमेरिकेत २०१४ च्या जानेवारीत एका अधिकृत देखरेख मंडळाने दूरध्वनी नोंदींच्या सरसकट संग्रहाचा अभ्यास केला, तेव्हा दहशतवादाच्या एकाही तपासात त्या संग्रहाने निर्णायक फरक पडल्याचे त्याला आढळले नाही. संशयितावर कायद्याने ठेवलेली नजर आणि सर्वांवर सरसकट ठेवलेली पाळत, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. गव्हाच्या गंजीत सुई शोधायची असेल तर गंजी आणखी मोठी करून भागत नाही.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण दूरध्वनी ऐकण्याचा आदेश आपल्याकडे गृहसचिवांसारखे अधिकारी देतात, आणि त्याचा फेरविचारही अधिकाऱ्यांचीच समिती करते. अमेरिकेत निदान एक गुप्त न्यायालय तरी आहे. आपल्याकडे त्यासाठी न्यायाधीशाची पूर्वसंमती लागत नाही. निवाड्याने दिलेला हक्क प्रत्यक्षात उतरायचा असेल तर नागरिकांनी त्याविषयी बोलत राहिले पाहिजे.

शेवटी शपथेचा प्रश्न. स्नोडेन यांनी गुप्ततेच्या करारावर सही केली होती. ती त्यांनी मोडली. त्यांचे म्हणणे असे की शपथ राज्यघटनेच्या रक्षणाची होती, करार नोकरीचा होता, आणि दोहोंत विरोध आला तेव्हा शपथ श्रेष्ठ ठरली. हा भेद कॅथलिक वाचकाला अपरिचित नाही. राजापेक्षा देवाची आज्ञा मोठी मानून संत थॉमस मोर यांनी १५३५ साली मान दिली. परंतु मोर पळून गेले नाहीत. स्नोडेन हाँगकाँगहून निघाले, पारपत्र रद्द झाल्याने मॉस्कोच्या विमानतळावर चाळीस दिवस अडकले, आणि रशियाने आश्रय दिला. हेरगिरीविरोधी १९१७ च्या ज्या कायद्याखाली त्यांच्यावर आरोप आहेत, त्यात लोकहितासाठी बोललो असा बचाव ऐकून घेतला जात नाही, हे त्यांचे स्पष्टीकरण दुर्लक्षिण्यासारखे नाही. तरीही आश्रय देणाऱ्या देशातील पाळतीविषयी पुस्तक फारसे बोलत नाही, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमण चालू असताना, त्यांना त्याच देशाचे नागरिकत्व देण्यात आले. मराठी वृत्तपत्रांनी अशा माणसासाठी 'जागल्या' हा गावगाड्यातील सुंदर शब्द रूढ केला आहे. रात्री गावाला जागविणाऱ्या जागल्याने एका वेशीवर हाक द्यायची आणि दुसऱ्या वेशीवर गप्प राहायचे, हे बरोबर दिसत नाही. तथापि हाक खरी होती की नाही, हा प्रश्न हाक देणाऱ्याच्या निवाऱ्यावरून ठरत नाही. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयांनी दूरध्वनी नोंदींचा तो सरसकट संग्रह बेकायदेशीर ठरविला. २०१५ च्या कायद्याने तो थांबलाही. परकीयांच्या पत्रव्यवहारावरील पाळतीला मात्र तेथील संसदेने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा दोन वर्षांची मुदतवाढ दिली. इंडोनेशियातल्या त्या मुलाचा प्रश्न तेथेच राहिला.

म्हणून हे पुस्तक वाचावे असे मी सुचवितो. त्यातील नायकासाठी नव्हे, त्याने विचारलेल्या प्रश्नासाठी. पालकांनी आणि मुलांनी ते एकत्र वाचावे. वाचताना पालकांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा: मुलाचा मोबाइल त्याच्या नकळत उघडून पाहताना आपण त्याचे रक्षण करतो की त्याच्यावर पाळत ठेवतो? रक्षण करणारा समोर येऊन विचारतो, ऐकून घेतो आणि क्षमा केल्यावर विषय संपवितो. पाळत ठेवणारा विचारीत नाही. तो साठवून ठेवतो. सरकारकडून ज्या मर्यादेची आपण अपेक्षा करतो, तिचा पहिला पाठ घरातच गिरविला गेला पाहिजे. ज्या घरात चुका सांगता येतात आणि सांगितल्यावर त्या विसरल्या जातात, त्या घरातील मुलांना देवाची दया समजावून सांगणे कठीण जात नाही.